हार्डी आणि इंदिराबाई

लेकीच्या जीसीएसईच्या अभ्यासात टॉमस हार्डीची एक कविता होती. "आई, काळ, प्रेम आणि पश्चात्ताप या विषयांवर दोन कवींची तुलना करायची आहे," असं ती म्हणाली आणि मला एकदम बेळगावच्या इंदिरा संत आठवल्या. तिच्या परीक्षेत त्या चालणार नव्हत्या. पण माझं मन तिथंच अडकलं.

हार्डीची हकीकत कॉर्नवॉलमधली, जिथं आपल्यापैकी पुष्कळजण मुलांना घेऊन सुट्टीत जातात. १८७० साली एका चर्चच्या दुरुस्तीच्या कामासाठी तो तिथं गेला आणि त्याला एमा भेटली. १८७४ मध्ये लग्न झालं. पुढे मात्र एकाच घरात राहून दोघांत दुरावा आला. नोव्हेंबर १९१२ मध्ये एमा गेली, आणि इतकी वर्षं गप्प असलेल्या नवऱ्याला कंठ फुटला! मार्च १९१३ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, तो पुन्हा त्याच कड्यांवर जाऊन आला. त्या काळातल्या कवितांत त्याला चाळीस वर्षांपूर्वीची तरुण एमा दिसते, तिची हाक ऐकू येते. वेळ होता तेव्हा आपण का बोललो नाही, ही बोच त्या कवितांत सारखी जाणवते. त्या १९१४ मध्ये पुस्तकात आल्या. त्याच वर्षी त्याने दुसरं लग्न केलं! हे वाचून मला आधी त्याचा रागच आला होता.

इंदिराबाईंचं (१९१४–२०००) वेगळं. पती ना. मा. संत हेही कवी. 'सहवास' हा दोघांचा एकत्र संग्रह. १९४६ मध्ये ते गेले. पदरी मुलं, शिकवण्याची नोकरी. १९५१ मध्ये 'शेला' आला. त्यांच्या कवितेत विरह आहे, पण हार्डीसारखा स्वतःला दिलेला दोष मला तरी सापडत नाही. हार्डीला जुन्या जागी जावं लागलं. इंदिराबाईंना कुठं जावं लागत नाही. पाऊस येतो, संध्याकाळ होते, तेवढं पुरतं. काळ पुढे सरकतो आणि ती संध्याकाळ रोज परत येते. (प्रत्येक कविता आत्मचरित्र समजून वाचू नये, असं लेकीच्या बाईंनी बजावलंय. खरं आहे. तरी मन तसंच वाचतं!)

"मग तुला कोण आवडतं?" लेकीने विचारलं.

आवडतात इंदिराबाई. पण २०१९ मध्ये माझे वडील पुण्यात गेले, तेव्हापासून मला हार्डी जास्त कळतो. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि मी "बाबा, ठेवते हं, कपडे मशीनला लावायचेत," म्हणून लवकर ठेवायचे. हे मी लेकीला पहिल्यांदाच सांगितलं. तिने वहीत फक्त हार्डीबद्दलचं उतरवून घेतलं, आणि थोड्या वेळाने इंदिराबाईंचं पुस्तक मागितलं.

माझी 'शेला'ची प्रत भारतातच राहिली. कुणाकडे असेल तर आरतीच्या वेळी जरूर आणा.