झाडांचा नववर्षदिन आणि आपली चिंच



अलिबागजवळ खंडाळा नावाचे गाव आहे. (घाटातले खंडाळा वेगळे.) संदेष्टा एलियाने तेथे दर्शन दिले, अशी कोकणातील बेने इस्रायली यहुद्यांची श्रद्धा आहे आणि तेथील खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. हे लोक मराठीच बोलतात. पूर्वी तेलघाणा चालवीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. जानेवारी-फेब्रुवारीत, त्यांच्या शबाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी, एलियाच्या नावाने मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरे, भोवती फळे; फळांवर देवाचे आभार मानायचे आणि मग खायचे.

हा दिवस यहुदी परंपरेत झाडांचा नववर्षदिन आहे. मुळात ही हिशेबाची तारीख. कोणते फळ कोणत्या वर्षाच्या दशमांशात धरायचे, हे त्यावरून ठरे. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचे साल ठरते, तसेच.

झाडाचे वय मोजायचे कारण लेवीय 19:23-25 मध्ये आहे. लावलेल्या झाडाचे फळ पहिली तीन वर्षे खायचे नाही. चौथ्या वर्षाचे देवाचे. पाचव्या वर्षी ते आपले. आता लूक 13:6-9 मधला दाखला आठवा. अंजिराचा मालक म्हणतो, तीन वर्षे येतो आहे, फळ नाही, तोडून टाक. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष द्या, खणून खत घालतो. माळी नुसती दया मागत नाही, तो आपले श्रम पुढे करतो, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. पाच जूनला रोप लावून फोटो काढणारे पुष्कळ. होळीपर्यंत त्याला घागरभर पाणी घालणारे किती?

तालमूद या ग्रंथात होनी नावाच्या भक्ताची गोष्ट आहे. दुष्काळात जमिनीवर वर्तुळ आखून तो आत उभा राहिला आणि पाऊस पडेपर्यंत हलणार नाही, असे त्याने देवाला सांगितले. आपल्या जिल्ह्याला असा माणूस किती वेळा हवा होता! याच होनीला एकदा कॅरोबचे झाड लावणारा एक जण भेटला. फळ कधी येईल? सत्तर वर्षांनी. तोवर तू जगशील? माणसाचे उत्तर असे, की मी जन्मलो तेव्हा पूर्वजांनी लावलेली झाडे होतीच. मी नातवंडांसाठी लावतो. पावसासाठी देवाशी हट्ट करणारा होनी येथे काहीच बोलू शकला नाही.

आता अवघड भाग. अनुवाद 20:19 सांगते की युद्धात नगराला वेढा घातला तरी फळझाडावर कुऱ्हाड चालवू नका. शास्त्र्यांनी हा नियम पुढे वाढवला. बाराव्या शतकातला मायमोनिडीस लिहितो की वस्त्र फाडणे, भांडे फोडणे, झरा बुजवणे, अन्न नासणे हेही त्यात येते. पण तोच म्हणतो की झाड दुसऱ्या झाडांना नुकसान करीत असेल किंवा लाकूड म्हणून त्याची किंमत जास्त असेल, तर तोडायला हरकत नाही. म्हणजे नियम भाबडा नाही. कारण द्या, एवढेच मागतो. मुलीच्या लग्नासाठी बांधावरची बाभूळ विकणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. पण उन्हाळ्यात बांध पेटवून देताना वाळल्या गवताबरोबर कडुलिंब होरपळतो, त्याला काय कारण आहे? भावाभावांच्या वाटणीत, मला नाही तर तुलाही नाही, म्हणून आंबा पडतो, त्याला काय कारण? पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लौदातो सी' परिपत्रकात जुन्या कराराच्या अशाच कायद्यांकडे, पक्ष्याच्या घरट्याविषयीच्या नियमाकडेही, लक्ष वेधले आहे.

हे सारे लिहिण्याला निमित्त आहे. आवारातील चिंच तोडून तेथे पत्र्याची शेड घालावी, अशी सूचना आली आहे. लग्न-मयतीला उन्हात उभे राहावे लागते, हे खरे. मुळांमुळे कुंपणाच्या भिंतीला तडा गेला, हेही खरे. पण शेड विहिरीच्या बाजूला सरकवता येईल का, हे अजून कुणी मोजलेले नाही. येत्या रविवारी मिस्सानंतर टेप घेऊन मोजू. गवंडीकाम जाणणाऱ्यांनी थांबावे, आणि ज्यांच्या आजोबांना चिंच कुणी लावली हे ठाऊक असेल, त्यांना घेऊन यावे.