शांतता शर्यत : उदय आणि अस्त

इतिहास म्हटला की लढाया आणि तह आठवतात. परंतु राज्यांचे उदयास्त खेळांच्या इतिहासातही दिसतात. पूर्व युरोपातील ‘शांतता शर्यत’ ही सायकल-स्पर्धा याचे उत्तम उदाहरण आहे.

मे १९४८ मध्ये वॉर्सा ते प्राग आणि प्राग ते वॉर्सा अशा दोन शर्यती एकाच वेळी झाल्या. पोलंड व चेकोस्लोव्हाकियातील कम्युनिस्ट दैनिकांनी त्या भरविल्या होत्या. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीचे दैनिक सामील झाले आणि मार्गात बर्लिन आले. रोज एक टप्पा असे. सर्व टप्पे मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागे, तो विजेता. पोलंडच्या रिशार्ड शुर्कोव्स्कीने १९७० ते १९७५ या काळात ती चारदा जिंकली.

मात्र शर्यतीची दोरी सत्तेच्या हाती होती. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. तरीही ६ मे रोजी शर्यत तेथून जवळच्या कीव्ह शहरातच सुरू झाली. अनेक देशांचे संघ आले नाहीत. १९८९ मध्ये त्या राजवटी कोसळू लागल्या आणि शर्यतीचा आधार गेला. २००५ मध्ये ती झालीच नाही; २००६ ची शर्यत शेवटची ठरली.

योगायोग असा, की १९४८ मध्येच आपल्याकडील सांगली, औंध ही संस्थाने विलीन झाली. कुस्तीचा राजाश्रय संपला, पण कुस्ती संपली नाही. गावोगावच्या जत्रा कमिट्यांनी वर्गणी काढून फड चालू ठेवले. कुंडलचे मैदान आजही भरते.

अर्थात कुस्तीला एक हौद पुरतो. शर्यतीला शेकडो मैल मोकळा रस्ता, वाहने आणि बंदोबस्त लागतो. एका गावाची वर्गणी तेथे कशी पुरणार? पण एकेक टप्पा एकेका गावाने आपला मानला, तर भार वाटला जाईल, असे मला वाटते.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. उद्या अशी शर्यत सातारा-कराड-सांगली रस्त्याने नेण्याचे कोणी ठरवले, तर पहिला खर्च कोण करणार याबरोबरच, त्याने हात काढून घेतल्यावर ती कोण चालवणार, हेही आपण आधीच विचारले पाहिजे.