हाताखालच्या माणसांचे मन ओळखणे
(मंडळीतील अभ्यासवर्गांकरिता पाठ)

ज्याच्या हाताखाली चार माणसे काम करितात तो पुढारी होय. मग तो घोटीच्या भातगिरणीचा चालक असो, आवणीच्या टोळीचा मुकादम असो, की शाळेचा मुख्य शिक्षक असो. त्याला आपले काम आले पाहिजे हे सर्वांस मान्य आहे. परंतु काम उत्तम येत असूनही ज्याच्याजवळ माणसे टिकत नाहीत असे पुढारी आपण सर्वांनी पाहिले आहेत. असे का होते, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली या विषयावर लेख लिहून एका निराळ्या शक्तीचे वर्णन केले. आपल्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे, आणि त्या जाणिवेप्रमाणे वागणे, ही ती शक्ती. तिला आता भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. डॅनियल गोलमन यांच्या 1995 सालच्या ग्रंथाने हे नाव जगभर पोहोचविले. 1998 साली त्यांनी पुढाऱ्यास लागणारी तिची पाच अंगे सांगितली: स्वतःच्या मनाची ओळख, मनावर ताबा, कामाची आंतरिक ओढ, दुसऱ्याच्या भावनेची जाणीव, आणि माणसे जोडण्याचे कौशल्य.

नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. घोटीहून मुंबईस जाणारी गाडी इगतपुरीनंतर थळ घाट उतरते. तो लोहमार्ग 1865 साली खुला झाला. त्याचा जोडीदार बोरघाट 1863 साली पुरा झाला. पण त्यापूर्वी तेथे एक मोठा अनर्थ घडला. 1859 च्या जानेवारीत बोरघाटातील मजुरांनी दंगा केला व गोऱ्या देखरेखदारांवर ते चालून गेले. मजुरी वेळेवर मिळत नाही, आणि कबूल केली तितकी मिळत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्याच वर्षी मूळ ठेकेदार फॅव्हिएल याने काम सोडले. पुढील वर्षी, 1860 मध्ये, अशा कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटाने तातडीने तोडावे असा कायदा झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. दंगा एका दिवसात दिसतो, पण त्याचे मूळ पुष्कळ दिवसांचे असते. मजुरांचा राग वाढत असता तो ज्यांच्या नजरेस पडावयास हवा होता, त्यांस तो दिसला नाही, किंवा दिसूनही त्यांनी त्याची किंमत केली नाही.

फॅव्हिएलनंतर ते काम सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. तो येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची पत्नी अॅलिस हिने ठेका सोडला नाही. अॅडमसन व क्लाउझर या दोन जाणत्या माणसांवर रोजचे काम सोपवून तिने तो पुरा करविला. आपणांस काय येते व काय येत नाही हे ओळखून दुसऱ्यावर भरवसा टाकणे, हेही पुढाऱ्याचे मोठे बळ आहे. तथापि त्या घाटात पटकी व इतर रोगांनी असंख्य मजूर मेले, हेही विसरता कामा नये.

दुसऱ्यांची उदाहरणे देऊन आम्ही स्वतः मोकळे होऊ इच्छीत नाही. एका वर्षी आवणीच्या दिवसांत रोप जून होत चालले होते, आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. दुपारी खाचरावर जाऊन पाहतो तो टोळीतील बाया बांधावर बसलेल्या. आम्ही चढ्या आवाजाने बोललो, "मजुरी बसण्याची देतो काय?" कोणी उत्तर दिले नाही. त्या उठून पाण्यात उतरल्या व दिवस मावळेपर्यंत त्यांनी काम केले. दुसऱ्या दिवशी एकही आली नाही.

आम्ही प्रथम त्यांस आळशी म्हटले. मग मुकादमाने सांगितले की मागील दोन दिवसांची मजुरी आम्ही सुटे पैसे नाहीत म्हणून ठेवून घेतली होती, आणि ती मागावी कशी, याचीच बोलणी त्या बांधावर चालली होती. ते आमच्या स्मरणातून पूर्ण गेले होते. आमचा राग त्यांच्यावरचा नव्हताच. रोप वाया जाईल ही आमची धास्ती रागाचे रूप घेऊन बाहेर पडली. आम्ही वस्तीवर गेलो, मजुरी चुकती केली, आणि चूक आमची होती असे सर्वांदेखत म्हटले. पण तोवर त्यांनी दुसरीकडे शब्द दिला होता. त्या चौथ्या दिवशी आल्या. उशिरा लागलेल्या खाचरात त्या साली भात पातळ आले.

यावरून तीन गोष्टी शिकाव्या. राग आला म्हणजे आधी विचारावे की हा खरोखर राग आहे, की भीती? माणसे गप्प झाली म्हणजे ती समाधानी आहेत असे समजू नये. आणि चूक चारचौघांत केली असेल तर ती चारचौघांतच कबूल करावी.

येथे एक इशारा अवश्य आहे. ही शक्ती मोजावी कशी, व ती सामान्य बुद्धी आणि स्वभाव यांहून कितपत निराळी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शिवाय दुसऱ्याचे मन ओळखणारा धूर्त मनुष्य त्या ओळखीचा उपयोग त्यास लुबाडण्याकडेही करू शकतो. गोड बोलून मजुरी बुडविणारा हा मन जाणणारा पुढारी नव्हे. आधी हक्काचा पैसा, मग गोड शब्द, हा क्रम कधी उलटू नये.

विचार करण्याकरिता प्रश्न:
1. बोरघाटातील दंगा टाळण्यास देखरेखदारांनी कोणती चिन्हे वेळीच पाहावयास हवी होती?
2. आपल्या हाताखालचा कोणता मनुष्य अलीकडे गप्प झाला आहे? त्याचे कारण आपण विचारले काय?
3. आपणांकडे कोणाचे देणे राहिले आहे?