विजापूरच्या सहलीची तयारी

(सहल म्हणजे नुसते फिरणे नव्हे. काय पाहायचे आणि काय सोडायचे, हे आधी ठरवावे लागते. सोलापूरच्या एका उर्दू शाळेतील मुलांनी आपली सहल कशी ठरवली, ते त्यांच्या शिक्षकांनी या पाठात सांगितले आहे.)

डिसेंबर महिना सुरू झाला होता. आठवीच्या वर्गात मी सहलीचा विषय काढला आणि एकच गलका झाला. बरीच चर्चा झाल्यावर विजापूरवर सर्वांचे एकमत झाले. हे शहर कर्नाटकात आहे. सोलापूरपासून ते सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपुरा आहे, पण आपल्याकडे लोक विजापूरच म्हणतात. एके काळी ते आदिलशाहीची राजधानी होते.

"तिथे काय काय पाहायचे?" मी विचारले आणि खडू हातात घेतला.

गोलघुमट, जामा मशीद, बारा कमान, मुलूखमैदान तोफ, उपली बुरूज, ताज बावडी, इब्राहिम रोजा... फळ्यावरची यादी वाढतच गेली.

"सर, एवढे पाहायला दोन दिवस लागतील," आरिफ म्हणाला. "आपण खाजगी बस करू आणि एक मुक्काम करू."

आम्ही हिशेब केला. माणशी ९०० रुपये खर्च येत होता. मी म्हणालो, "कोण कोण येणार? हात वर करा."

वर्गात ४० मुले-मुली होती. हात वर झाले ३१. शेवटच्या बाकावरचा इरफान वहीत मान घालून बसला होता. तो एरवीही फारसे बोलत नसे. हजेरी घेताना त्याचा आवाज मला दोनदा विचारल्याशिवाय ऐकू येत नसे.

तेवढ्यात सलमा उभी राहिली. "सर, नऊ जण मागे राहणार असतील, तर ही आपल्या वर्गाची सहल कशी होईल?"

वर्ग एकदम शांत झाला.

"मग काय करावे? तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

"मुक्काम नको," सलमा म्हणाली. "सकाळच्या रेल्वेने जाऊ आणि संध्याकाळी परत येऊ. जेवणाचा डबा घरून नेऊ."

"पण एका दिवसात एवढे सगळे कसे पाहणार?" आरिफने विचारले.

"सगळे पळत पळत पाहण्यापेक्षा पाच ठिकाणे नीट पाहू!"

आरिफला ते पटले. मी भिंतीवर शहराचा नकाशा लावला. गोलघुमट पूर्वेकडे, रेल्वे स्टेशनजवळ होता. इब्राहिम रोजा पश्चिमेला, तटाच्या बाहेर होता. मुलांनी त्यांच्यामध्ये रेघ ओढली. जामा मशीद, बारा कमान आणि मुलूखमैदान तोफ त्याच वाटेवर येत होती. उलटसुलट फिरण्याचा वेळ आणि रिक्षाचे पैसे दोन्ही वाचले.

आता वार ठरवायचा होता. "शुक्रवारी शाळा अर्धा दिवस असते. शुक्रवारी जाऊ," कोणीतरी म्हणाले. मी सांगितले, "गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात वस्तुसंग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असते. शिवाय जुम्म्याच्या नमाजेच्या वेळी जामा मशिदीत गर्दी असणार." रविवारी तर सगळीकडेच गर्दी! शेवटी गुरुवार ठरला.

मग प्रत्येक गटाने एकेका ठिकाणाची माहिती काढून वर्गात वाचून दाखवली.

पहिला गट म्हणाला, "गोलघुमट ही मुहम्मद आदिलशाहाची कबर आहे. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे, पण आत आधाराला एकही खांब नाही. वर गोल सज्जा आहे. तिथे भिंतीजवळ हळू बोलले, तरी समोरच्या बाजूला ऐकू येते. गर्दीत ही गंमत कळत नाही, म्हणून सकाळी आधी तिथेच जावे."

दुसरा गट म्हणाला, "जामा मशीद पहिल्या अली आदिलशाहाच्या काळात बांधायला घेतली. तिथे जोहरची नमाज पढू आणि मग डबे खाऊ. बारा कमान ही दुसऱ्या अली आदिलशाहाची कबर. १६७२ मध्ये तो मरण पावला आणि बांधकाम अपुरे राहिले. आज तिथे आकाशाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत."

तिसरा गट तोफेचा होता. "ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. तिचे मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा राजा. मराठी माणसांच्या तोंडी ते मुलूखमैदान झाले. जोरदार भाषण करणाऱ्याला मराठीत मुलूखमैदान तोफ म्हणतात!"

सगळे आरिफकडे पाहून हसू लागले.

शेवटचा गट म्हणाला, "इब्राहिम रोजात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची कबर आहे. कबर आणि मशीद एकाच चौथऱ्यावर समोरासमोर आहेत. दगडी जाळ्यांत अक्षरे कोरली आहेत. लिपी आपल्या ओळखीची आहे. तिथे घाई करायची नाही."

पुन्हा हिशेब झाला. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. आमची सगळी मुले त्याहून लहान होती. खर्च पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला.

"आता कोण कोण येणार?" मी पुन्हा विचारले. एकेक करून हात वर झाले. इरफानचा हात सर्वांत शेवटी वर आला, पण आला.

ठरलेल्या गुरुवारी आम्ही गोलघुमटाच्या मनोऱ्यातील अरुंद जिना चढून वर गेलो. सज्जात शिरताच मुले पांगली. सगळी आली की नाही, ते मला कळेना. मी भिंतीला टेकून डोकी मोजू लागलो. इतक्यात भिंतीतूनच कोणीतरी कानाशी बोलल्यासारखे वाटले,

"सर, चाळीसच्या चाळीस हजर आहेत."

मी समोर पाहिले. दूर, घुमटाच्या पलीकडच्या बाजूला इरफान भिंतीशी तोंड नेऊन उभा होता. त्या दिवशी मला दोनदा विचारावे लागले नाही.

शब्दार्थ
गलका – अनेकांचा एकदम होणारा आवाज
मुक्काम – प्रवासात रात्री थांबणे (उर्दूत 'मकाम' म्हणजे ठिकाण)
माणशी – प्रत्येक माणसामागे
तट – शहराभोवतीची संरक्षक भिंत
सज्जा – भिंतीला लागून असलेली उंचावरची जागा
पांगणे – इकडेतिकडे जाणे

स्वाध्याय
१. आरिफच्या योजनेत कोणती अडचण होती?
२. मुलांनी शुक्रवार आणि रविवार का टाळला?
३. 'मुलूखमैदान' हा शब्द कसा तयार झाला?
४. इरफानचे बोलणे ऐकून शिक्षकांना काय वाटले असेल? चार-पाच वाक्यांत लिहा.
५. तुमच्या वर्गातील सर्वांना परवडेल अशा एका दिवसाच्या सहलीचा आराखडा तयार करा.