मोदक खाल्ला तर चालतो का?

आईबाबांनो,

गणपतीच्या दिवसांत आपल्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारं पोर तिसरी-चौथीतलं असतं. भर वर्गात ते विचारत नाही. वर्ग सुटला, बाकीची मुलं पायऱ्या उतरून पळाली, की टेबलापाशी घुटमळतं. "टीचर, शेजारच्या काकूंनी मोदक दिला. आरतीचा. मी खाल्ला. चालतो ना?"

रत्नागिरीत आपण मूठभर. आळीत एखादं घर, नाहीतर सोसायटीत एखादा फ्लॅट. शेजार गणपतीचा, नाहीतर ईदचा. तेव्हा हा प्रश्न इथल्या प्रत्येक कॅथलिक मुलाच्या मनात कधी ना कधी येणारच. घरी विचारलं तर "खा रे, काही होत नाही", नाहीतर "फादरांना सांगू नकोस म्हणजे झालं". दोन्ही उत्तरांनी मूल गप्प होतं, पण प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न पोरकट आहे असं समजू नका. पहिल्या शतकात करिंथ शहरातले ख्रिस्ती लोक याच पेचात होते. मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं की नाही? संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला आठवा अध्याय काढून बघा, सगळा त्यावरच आहे. अन्नाने माणूस देवाच्या जवळ जात नाही आणि लांबही जात नाही, पण तुझ्या खाण्याने एखाद्या कच्च्या मनाच्या भावाचा गोंधळ उडणार असेल तर त्याचा विचार कर, असा त्याचा रोख आहे. दहाव्या अध्यायात तो आणखी बारकाईत शिरतो. पूजेत भागीदार होणं वेगळं आणि कुणी बोलावलं म्हणून पानात वाढलेलं जेवणं वेगळं. त्यातही 'हे वाहिलेलं आहे' असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी थांब. म्हणजे हो किंवा नाही असं एका शब्दात पौलालाही उरकता आलं नाही. त्यावर १९६५ चं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र आहेच. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ख्रिस्तसभा धुडकावत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

मी मुलाला एवढंच सांगते, की काकूंचं प्रेम नाकारू नकोस आणि आपण प्रार्थना कुणाची करतो ते विसरू नकोस. पण हे माझ्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं त्याला जास्त पटेल. काकू तुमच्या शेजारी राहतात, माझ्या नाही.

आपल्या धर्मशिक्षणाची रीत पहिल्यापासून प्रश्नोत्तराचीच. फरक एवढाच, की प्रश्नही पुस्तकातला आणि उत्तरही पुस्तकातलं. तुम्हाला कुणी घडवलं? देवाने. देवाने तुम्हाला कशासाठी घडवलं? ज्यांचं लहानपण वेंगुर्ल्याला, मालवणला किंवा सावंतवाडीला गेलं, त्यांना ही उत्तरं आजही झोपेतून उठवून विचारली तरी येतील. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि रस्त्यातून घंटा वाजवत पोरंटोरं गोळा करून त्यांना शिकवू लागले, तेव्हापासूनची ही पद्धत. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला आणि पुढच्याच वर्षी झेवियर यांची 'दौत्रिना' छापली गेली.

पण त्याच काळात एक वेगळा प्रयोगही झाला. मला आपल्या पालकांशी बोलायचं आहे ते खरं तर त्याबद्दल. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं, ते मराठीत, ओवीत. सुमारे अकरा हजार ओव्या. पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. श्रोत्यांतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का करून देत नाही? आणि त्या मागणीपोटी पुराण सुरू होतं. पुढेही श्रोते मधेमधे शंका काढतात आणि पाद्री-गुरू उत्तर देतो. प्रश्न ऐकणाऱ्याचा होता, म्हणून भाषाही ऐकणाऱ्याची झाली. चर्चमध्ये मिस्सेनंतर हे पुराण वाचलं जाई, लोक बसून ऐकत. छापील प्रती तीनदा निघाल्या, आज त्यांतली एकही हाती नाही. पण लोकांनी हातांनी उतरवून घेतलेल्या प्रती टिकल्या आणि १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं.

त्या काळाचं गोडगोड चित्र मुलांपुढे उभं करू नका, ही माझी पालकांना विनंती आहे. पुराणं मना केली म्हणजे जबरदस्ती होतीच. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होतं. आठवी-नववीतल्या मुलाला हे इंटरनेटवर सापडतं आणि मग ते वर्गात येऊन आव्हान दिल्यासारखं विचारतं. त्याने ते आधी आपल्याकडून ऐकलेलं बरं. १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. कोकणी काही गेली नाही. हुकुमाने जे जमलं नाही ते आपण आता हौसेने करतो आहोत. घरात मालवणी, बाजारात मराठी आणि प्रार्थना मात्र इंग्रजीत, कारण मूल इंग्रजी माध्यमात आहे. 'हेल मेरी' फडाफडा म्हणणाऱ्या मुलाला 'नमो मरिया' अर्ध्यावर अडते आणि आजीबरोबर तेर्स म्हणायची वेळ आली की ते मोबाइल घेऊन बाहेर जातं.

आजीचा विषय निघाला म्हणून सांगते. संध्याकाळी दिवा लागला की आल्तारासमोर सगळं घर गुडघ्यांवर. लादाइनीचं लॅटिन कुणाला कळत नसे, पण चुकतही नसे. पुढे शिकलेल्या लोकांनी या पाठांतराची फार टिंगल केली. मला ती पटत नाही. स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पोटच्या मुलाचं नाव आठवत नाही, पण तुम्ही अर्धी ओळ म्हणा, उरलेली ती पुरी करतात. पाठ झालेलं असं आयुष्याच्या शेवटापर्यंत सोबत करतं. ते मुलांकडून करून घ्याच. जुन्या चर्चशाळांतून तर धर्मशिक्षणाबरोबर मेस्त गाणं आणि व्हायोलिनही शिकवत. हिंदी सिनेमातले नावाजलेले व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्डा गावच्या चर्चमधल्या अशाच एका मेस्ताचे चिरंजीव. धर्मशिक्षणाने आपल्याला काय दिलं याचा हिशेब करताना हे विसरायचं नाही.

पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्ये दर रविवारी तासभर मुलांना शिकवण्याचा दंडक घातला आणि १९१० मध्ये पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं वय सात वर्षांच्या आसपास आणलं. आपला आजचा रविवारचा वर्ग त्याच साच्यातला आहे. मराठीत १९०३ पासून 'निरोप्या' मासिक घरोघर जात होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. १९८१ पर्यंत तर वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, म्हणून इथल्या बऱ्याच घरांची मुळं तिकडेच निघतात.

आता आजचं बघू. वर्षातून पस्तीस-चाळीस रविवार, एकेक तास. त्यातून पावसाळ्याचे, परीक्षांचे, मे महिन्यात गावी जाण्याचे वजा करा. स्कॉलरशिपचा क्लास रविवारी सकाळीच असतो. नववीपासून तर विचारायलाच नको. फर्स्ट कम्युनियनचं वर्ष मात्र कुणी चुकवत नाही. पांढरा गाऊन मुंबईहून येतो, हॉल ठरतो, फोटोग्राफर दोन, केक तीन मजली. एका आईने मला विचारलं होतं, की कबुलीजबाबाची तयारी आणि पार्लरची वेळ एकाच शनिवारी येते आहे, काय करू? त्या बाईंना मी हसले नाही, कारण त्यांनी निदान विचारलं. मग येतं दृढीकरण. बिशपस्वामी डोक्यावर हात ठेवतात, कपाळाला तेल लावतात, फोटो निघतो आणि त्यानंतर ती मुलं आम्हाला थेट आपल्या लग्नाचा कागद न्यायलाच भेटतात. आम्ही शिकवणारे आपापसात दृढीकरणाला निरोप समारंभ म्हणतो.

काही पालक म्हणतात, मूल कॉन्व्हेंटमध्ये आहे, तिथे सिस्टर बघतीलच. असं गृहीत धरू नका. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेत कुणालाही पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहे आणि ते रास्तच आहे. शाळेतली बहुसंख्य मुलं इतर धर्मांची. त्यांना मूल्यशिक्षण, आणि आपल्या चार मुलांना त्या वेळात जमेल तेवढं कॅटेकिझम. त्यातून फार काही उभं राहत नाही. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी फादरांनी वचन शाळेकडून घेतलं नव्हतं, तुमच्याकडून घेतलं होतं. परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात तेच लिहून ठेवलं आहे, मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच.

"पण टीचर, आम्हालाच काही येत नाही!" हे मी सर्वांत जास्त ऐकते. मग कार्लो आकुटिसची गोष्ट सांगते. मिलानमध्ये वाढलेला, जीन्स घालणारा, कॉम्प्युटरचं वेड असलेला हा मुलगा २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ यांनी त्याला संत जाहीर केलं. त्याची आई अंतोनिया स्वतः धार्मिक नव्हती. मुलगा लहानपणीच असे प्रश्न विचारू लागला की तिला उत्तरं देता येईनात, म्हणून ती ईशज्ञान शिकायला गेली. संताची आई अशी तयार झाली. तिने मुलाला गप्प बसवलं असतं तर?

पुढच्या काळात मुलांचे प्रश्न कमी होणार नाहीत, फक्त ती ते तुमच्याऐवजी फोनला विचारतील. "डायनासोर बायबलमध्ये का नाहीत?" "आजीसाठी इतकी प्रार्थना केली, तरी ती का गेली?" पहिल्याचं उत्तर फोन बरं देईल. विश्व प्रसरण पावतं आहे आणि त्याची सुरुवात एका बिंदूपासून झाली असावी हे मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते, हेही सांगेल. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आजीला ओळखणारं माणूस लागतं. तुम्हीही रडलात, तुम्हालाही देवाचा राग आला होता आणि तरी पुढच्या रविवारी तुम्ही मिस्सेला गेलात, एवढं मुलाला सांगा. यापेक्षा मोठं धर्मशिक्षण माझ्याकडे नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये धर्मशिक्षकाच्या कामाला ख्रिस्तसभेत रीतसर सेवापदाचा दर्जा दिला. त्याचा आम्हाला आनंद आहे, पण आम्ही तुमची जागा घेऊ शकत नाही. घरात मराठी बायबल नसेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आणा, भाषा आपल्या घरातली आहे. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं पुरतात. तेर्स पूर्ण होत नसेल तर एकच दहका म्हणा, पण आजी ज्या भाषेत म्हणते त्या भाषेत. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर "आपण दोघं मिळून फादरांना विचारू" म्हणा आणि खरंच विचारायला जा.

आणि येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर मुलाला वर्गात सोडून मासळी आणायला जाऊ नका. मागच्या बाकावर बसा. जागा रिकामी असते.