सिकलसेल आणि आपल्या घरातील मौन

काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. हिवाळ्यात पहाटेच्या वंदनेस ती वारंवार गैरहजर राहे. सांधे दुखतात, हे तिचे सांगणे आम्ही सबब मानले. एकदा तर सर्वांसमक्ष उभेही केले. पुढे रक्ततपासणीत सिकलसेल निघाला, तोही ‘एसएस’. मुलींनी तिचा पेला वेगळा ठेवला. भेटीस आलेल्या आईची विनंती एकच होती : “सर, गावात कोणाला सांगू नका. हिच्या मागं दोघी आहेत, त्यांची लग्नं व्हायची आहेत.”

वैद्यकाच्या इतिहासात या आजाराची ओळख झाली तीही एका विद्यार्थ्याच्याच निमित्ताने. ग्रेनाडा बेटावरचा कृष्णवर्णीय तरुण वॉल्टर क्लेमेंट नोएल १९०४ साली दंतवैद्यक शिकण्यास शिकागोला आला आणि आजारी पडला. त्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. नोएल मात्र पदवी घेऊन मायदेशी परतला व १९१६ साली वारला. पुढे कित्येक वर्षे अमेरिकेतील डॉक्टर या विकारास ‘निग्रो रक्ता’चा दोष म्हणत राहिले. (रक्ताच्या शुद्धाशुद्धतेची ही भाषा आपणांस निराळी शिकवावी लागत नाही.) १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले, १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी वाहकास हिवतापापासून संरक्षण मिळते, हे मांडले. हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या तगलेल्यांचा हा वारसा आहे. विदर्भातील बौद्ध व आदिवासी समाजांत तो लक्षणीय आढळतो.

तो पेल्यातून पसरत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. एक वाहक आणि दुसऱ्याच्या रक्तात असा दोष नसेल, तर अपत्य वाहक होऊ शकेल, रुग्ण होणार नाही. म्हणजे आपण पत्रिका जाळल्या हे योग्यच. पण रक्ताचा अहवाल दडवितो, तेव्हा दोन वाहकांची गाठ आपणच नकळत बांधतो.

थंडी, तहान व अतिश्रम यांनी वेदनेचे झटके येतात. हे कळल्यावर आम्ही तिला आंघोळीस गरम पाणी व वंदनेस उशिरा येण्याची मुभा दिली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया घेत तिने पदवी मिळविली.

गेल्या उन्हाळ्यात तिला स्थळ आले. तिने अहवाल स्वतःच पुढे ठेवला आणि मुलानेही तपासणी करावी, अशी अट घातली. तिकडून अद्याप निरोप नाही.