संकटासाठी घरात किती पैसे, किती शिधा?

प्रश्न : जागतिक संकटाच्या भीतीने सगळी बचत सोन्यात घालावी का? – एक वाचक, काशीगाव

उत्तर : सगळी नको, आधी अडतं ते रोकडीवाचून. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. तशा दिवशी वीज आणि नेटवर्क गेलं, तर एटीएम, यूपीआय दोन्ही बंद. बँकही अडकू शकते: सप्टेंबर 2019मध्ये निर्बंध आल्यावर पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1000 रुपये काढता येत होते. ठेवविमा आज 5 लाखांपर्यंत आहे, पण हाती यायला 90 दिवस लागू शकतात. म्हणून सहा महिन्यांचा खर्च दोन बँकांत विभागा. चोरीची भीती रास्त आहे, तेव्हा घरी आठवड्यापुरतेच पैसे, तेही शंभर-पन्नासच्या नोटांत. जागेची अडचण म्हणाल, तर पंधरा दिवसांचे तांदूळ-डाळ पलंगाखाली मावतात. वीज जाऊन पंप थांबला की वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही. पिण्याचं पाणी भरून ठेवा. औषधांची चिठ्ठी आणि पासबुकाची झेरॉक्स मात्र आजच प्लास्टिकच्या पिशवीत घाला.